यांच्या उतरलेल्या साखरेबद्दल

ती. वन्सं यांना वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? रोज देवापुढे त्यांची आठवण काढते. इकडे सारं क्षेम आहे असं तुमचे बंधुराज म्हणतात. मला तसं वाटत नाही, म्हणून हे पत्र.

यांना मधुमेह निघाल्याचं तुम्हाला कळलंच आहे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, रोज चाला, भात कमी, भाजी जास्त, आणि गोड तर घरात ठेवूच नका, नाहीतर पुढे डोळे नि पाय धोक्यात. घरी येऊन देवाला हात जोडले आणि यांच्यावर पाळत सुरू केली. (देवावर माझा विश्वास आहे. यांच्यावर नाही.)

पाण्याच्या पेल्यासाठी जागचा न हलणारा माणूस पहाटे बूट घालून शीळ वाजवत बाहेर पडतो, तर बायकोने काय समजावं? मी समजले, बेकरी! परतले की मी शर्टाचा वास घेई, खिसे उलटे करी, मिशीत चुरा शोधी. मी मॅट्रिकपुढे शिकले नाही, पण लोण्याचा वास ओळखायला पदवी लागत नाही. काहीच सापडेना, तेव्हा तर संशय बळावला. इतके स्वच्छ खिसे निर्दोष माणसाचे नसतात! शेवटी मीच डोक्यावरून शाल घेऊन मागोमाग गेले. हे बेकरीपाशी थांबले. काचेत स्वतःचं पोट आडवं-उभं न्याहाळलं आणि चालते झाले. मी धापा टाकत पायरीवर बसले. बेकरीवाल्याने पाणी दिलं, म्हणाला, "काकू, काकांना काय केलंत हो? रोज माझ्या काचेत पोट बघतात, घेत काही नाहीत!" (हाही सामील असावा.) फुकटचं पाणी पिऊन उठणं बरं दिसेना, म्हणून केक घेतला. गोड घरात न्यायचं नाही, म्हणून तिथेच संपवला.

घरातलं गोड काढणंही माझ्याच वाट्याला आलं. जॅमची बरणी, बिस्किटांचे डबे, तुम्ही पाठवलेली चॉकलेटं. टाकावं तर अन्नाचा अपमान, शेजारणीला द्यावं तर ती डबा परत करत नाही. तेव्हा सगळं मीच मार्गी लावलं. यांच्या पानातला वगळलेला भातही वाया जाऊ दिला नाही. यांची साखर उतरली म्हणतात, पण त्यात माझे कष्ट कुणी मोजले?

तुमची,
भावजय

ता. क. यांच्या तपासणीला सोबत गेले, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आलाच आहात तर तुमचंही रक्त बघू. माझी साखर यांच्या पहिल्या आकड्याच्याही वर निघाली. रक्ताच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. (फेरतपासणीतही तेच निघालं. माणसं तीच, मग चूकही तीच.)

पुन्हा ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. तुम्ही थोरल्या, तुमचं ते ऐकतात. त्यांना चांगलं खडसवा. काल त्यांनी माझ्या पदराचा वास घेतला, वन्सं! इतका संशयी स्वभाव आमच्या माहेरी कुणाचाच नाही. आता माझ्यासाठी नवे बूट घेऊन दाराशी उभे आहेत. म्हणतात, "तुझे पाय शाबूत राहायला हवेत गं मला." डोळे ओले दिसतात, वाऱ्याने असतील. जाते.

येताना तुमच्या हातचा जॅम आणू नका. आणलाच, तर माझ्या हाती देऊ नका. आताशा माझा कुणावरच भरवसा उरलेला नाही.