अस्सल चिंधू

३ मार्च, सोमवार

आजपासून संकल्प. कन्या पाच वर्षांची होत आली. जूनपासून मोठी शाळा. तरी अजून चिंधूशिवाय झोपत नाही. चिंधू म्हणजे कापडी अस्वल. मूळ रंग गुलाबी होता असं बायको म्हणते. पुराव्याशिवाय मी मान्य करत नाही. सध्याचा रंग भांडी विसळलेल्या पाण्याचा. डावा कान चघळून चघळून वातीसारखा झालेला. एक डोळा मूळचा, दुसऱ्याच्या जागी माझ्या निळ्या शर्टाचं जादा बटण.

आसक्ती लहानपणीच सोडवलेली बरी. मी स्वतः दुपारची झोप दर वर्षी एक जानेवारीला सोडतो, तेव्हा या विषयात माझा अनुभव दांडगा आहे.

योजना: चिंधूला थोडे दिवस ऑफिसच्या कपाटात ठेवायचं. वियोग सोसला की वैराग्य आपोआप येतं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी तू जेवताना पेपर वाचणं सोडून दाखव. विषयांतर.

४ मार्च, मंगळवार, सकाळी

कन्या दात घासत होती तेवढ्यात चिंधूला बॅगेत घातलं, डब्याशेजारी. मान बाहेर राहत होती. दाबली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

चिंधू गावाला गेलाय असं सांगितलं. रडेल अशी तयारी ठेवली होती. रडली नाही, चौकशी केली. एकटा गेला का, कशाने गेला, डबा नेला का, आणि तिथे त्याला थोपटणार कोण. मी म्हणालो, त्याचे काका. चिंधूला काका आहेत ही गोष्ट आजवर आपल्यापासून लपवून ठेवली, म्हणून तिने आईकडे रागाने पाहिलं. एकंदरीत सुरुवात उत्तम.

६ मार्च, गुरुवार

कन्या गॅलरीत बसून रस्ता बघते. ताटात अर्धं टाकते. बायको म्हणते, पोर कोमेजली. मी म्हणतो, चिंतन चाललंय. वैराग्याची पहिली पायरी बाहेरून अशीच दिसते. घरात माझ्याशिवाय कुणाला वाचन नाही, त्याला मी काय करणार.

७ मार्च, शुक्रवार

अघटित. कपाट उघडलं तर चिंधू नाही.

आमचं ग्रंथालय जुन्या हस्तलिखितांचं. कागद खरोखर जुना आहे की जुना केलेला, हे ओळखणं हे माझं काम. शिपायाला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, साहेब, तुमच्या कपाटात एक ओलसर, बुरशीचा वास येणारी वस्तू नोंदचिठ्ठीशिवाय आढळली. अशी वस्तू कुणालाही न विचारता तत्काळ जाळावी, नाहीतर कीड हस्तलिखितांना लागेल, असं परिपत्रक आहे. जाळली.

परिपत्रक भिंतीवरच होतं. पुन्हा वाचलं. मीच लिहिलेलं. भाषा निर्दोष आहे. पळवाट कुठेही नाही.

८ मार्च, शनिवार

घाबरण्याचं कारण नाही. बनावट ओळखण्यात माझी हयात गेली. ज्याला ओळखता येते त्याला करताही येते. वियोगाचा प्रयोग तूर्त आवरता घ्यायचा, इतकंच.

खेळण्यांच्या दुकानात हुबेहूब तेच अस्वल मिळालं. गुलाबी. (बायकोचं बरोबर होतं. इथे नोंदवून ठेवतो; तिला कळवण्याची निकड नाही.) दुकानदाराने विचारलं, छान कागदात बांधून देऊ का. म्हणालो, नको, चहात बुडवायचंय. त्याने पिशवी जरा लांबूनच पुढे केली.

९ मार्च, रविवार

मायलेकी मावशीकडे गेल्या. घर मोकळं. दिवसभर काम. कडक चहात भिजवलं, उन्हात वाळवलं, पायपुसण्यावर घासलं, पुन्हा चहा. पोट दाबून दाबून कापूस बसवला. कान स्वतः चघळला. कन्येने काही वर्षांत निवांत केलेलं काम एका दुपारी उरकायचं म्हणजे जबडा भरून येतो. निळ्या शर्टाचं एक बटण कापून डोळा शिवला. काम संपल्यावर स्वतःसाठी चहा टाकायला गेलो तर पावडर संपलेली.

पण काय उतरलंय! ऑफिसात माझ्या टेबलावर आलं असतं, तर मीच 'अस्सल' असा शेरा मारून सही केली असती.

रात्री झोपलेल्या कन्येला खांद्यावर घेऊन बायको आली. दारातूनच ओळखलं. झाला प्रकार सांगावा लागला. तिने अस्वल उचलून चघळलेला कान चाचपला. म्हणाली, "तिला खरं सांगून टाक. रडेल एक दिवस. अजून वेळ गेली नाही." तिचं मत ऐकून घेतलं. ती या क्षेत्रातली नाही.

१० मार्च, सोमवार

चिंधूचं पुनरागमन. कन्येने त्याला दोन्ही हातांनी उचललं. उलटं केलं. कान बघितला. पोटाला नाक लावलं. मग मला विचारलं, "यांना चहा आवडतो का?"

म्हणालो, गावाला सवय लागली असेल. काकांमुळे.

तिने मान डोलावली. त्याला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या नक्षीच्या ग्लासातून पाणी आणून दिलं. घर सापडलं ना पटकन, म्हणाली. कधी निघणार, तेही विचारलं. याच चिंधूला ती पूर्वी तंगडी धरून फरफटत न्यायची. आठवड्याभराच्या वियोगाने मुलीच्या वागण्यात केवढा विनय आला. आणि कमाल म्हणजे झोपायला एकटीच गेली. चिंधू खुर्चीवरच राहिला.

म्हणजे संकल्पही सिद्धीस गेला आणि अस्वलही परत आलं. असा दुहेरी लाभ फार थोड्या बापांना होत असेल. बायकोला हे सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घालत राहिली.

१२ मार्च, बुधवार

कन्येला माझ्या कामात रस निर्माण झाला आहे. सकाळी निघताना म्हणाली, बॅग उघडून दाखव. डबा, छत्री, चष्म्याचं घर, एकेक वस्तू बाहेर काढून पाहिली. शेवटी तळाशी हात फिरवला. पद्धत अगदी शास्त्रीय. मी काही शिकवलेलं नाही, रक्तातच असावं.

मग विचारलं, या बॅगेत आई मावेल का. नाही म्हणालो. तिने बॅगेची लांबी हाताने मोजून खात्री करून घेतली. आकारमानाची एवढी जाण या वयात दुर्मीळ.

१४ मार्च, शुक्रवार

आता संग्राहक वृत्तीही दिसू लागली. आज तिच्या उशीखाली सापडलेल्या वस्तू: रंगीत खडू, तिचाच एक मोजा, आईचा कंगवा, आईची डाव्या पायाची चप्पल. चप्पल शोधण्यात बायकोला कामावर जायला उशीर झाला. चिडली, तीही माझ्यावर.

उशीखाली माझी मात्र एकही वस्तू नव्हती. बापाचं काही नाहीसं होईल अशी भीतीच तिला वाटत नाही. मुलांचा आपल्यावर विश्वास असणं म्हणजे काय, ते आज कळलं.

१६ मार्च, रविवार

दोरीवर माझा निळा शर्ट वाळत होता. कन्या त्याच्यासमोर उभी. बटण कुठे गेलं, म्हणाली. तुटलं. कधी तुटलं? आठवत नाही. तिने शर्टाकडे पाहिलं. खुर्चीवरच्या अस्वलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. नजर ओळखीची वाटली. नंतर आठवलं, ऑफिसात मी वापरतो ती.

"बाबा, चिंधू कुठे आहे?"

"हा काय, खुर्चीवर."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," म्हणाली आणि खेळायला गेली.

बायको कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. कांद्याचं.

विषय कायमचा मिटला. मी ठाम राहिलो याचा फायदा झाला.

१८ मार्च, मंगळवार

ग्रंथालयात माझं व्याख्यान. विषय, 'बनावट कशी ओळखावी'. बोलता बोलता सुचलं म्हणून बोलून गेलो, की नकला करणारा कागदाला वय देऊ शकतो, पण तो कागद रोज हाताळणाऱ्या माणसाला फसवू शकत नाही. टाळ्या पडल्या. मला मात्र घाम आला. पंखा हळू असावा. मागे उभा असलेला शिपाई तेवढा टाळ्या वाजवत नव्हता.

उद्या कन्येशी बोलेन म्हणतो. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. चांगला मुहूर्त बघून.

१९ मार्च, बुधवार

घरी आलो. दाराजवळ दोन खुर्च्या. एकीवर ते अस्वल. दुसरी रिकामी.

कन्या म्हणाली, या, बसा. खेळ असेल म्हणून बसलो. नक्षीच्या ग्लासातून पाणी आलं. घर सापडलं ना पटकन, विचारलं. म्हणालो, अगं, मी बाबा. तिने माझा डावा कान निरखून पाहिला. शर्ट हुंगला. बटणाच्या जागी राहिलेल्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाली, "आई, अगदी तस्सेच केलेत."

आतून बायकोचं हसू ऐकू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

"तुम्ही कधी निघणार?"

सकाळी, म्हणालो. ऑफिसला.

"जाताना यांनाही न्या," ती म्हणाली. "आणि बाबा कुठे भेटला तर पाठवून द्या. चिंधूचं त्यालाच माहीत आहे."

पाणी प्यालो. अजून बसलेलो आहे. शेजारून चहाचा वास येतो.