लढायांचं एक बरं पुस्तक

सिस्टर, तुम्हाला मराठी चांगलं कळायचं. कॉन्व्हेंटच्या वर्गात मात्र कळत नसल्याचा आव आणायचात, आणि आमच्यातली एखादी मराठीत बोललीच तर तिला फळ्याजवळ उभं करायचात. म्हणून हे मुद्दाम मराठीत लिहितेय. आता करा उभं.

निमित्त एका पुस्तकाचं आहे. नोकरी संपल्यावर पुण्यातली जागा सोडून मी इकडे भरे गावात एका शेतकरी कुटुंबाच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली मालकांची सून असते. पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते, दिवसभर उभी राहून घरी येते, आणि तरीही वाचते. उन्हाळ्यात एकदा भाडं न्यायला वर आली आणि माझी कपाटं पाहून दारातच थांबली. "काकू, हे समदं कशाचं हाय?" म्हटलं, लढायांचं, साम्राज्यांचं, ती कशी उभी राहिली आणि कशी बुडाली त्याचं. "मग एखादं बरं द्या की मला. पर खरं खरं. गोष्टी नगं." मी ऐटीत उठले. एका कपाटापाशी गेले, मग दुसऱ्या. तिच्या हातात देता येईल असं एकही पुस्तक निघालं नाही. सगळी इंग्रजी. आयुष्यभर गोळा केली, आणि हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. ती हसली. "ऱ्हाऊ द्या. आमाला ती बघायलाच हायेत," म्हणाली आणि भाडं घेऊन खाली गेली. मी तशीच उभी राहिले आणि मला राग आला तो तुमचा.

नववीचा वर्ग आहे. दुपार आहे. पुस्तकात पेशवाईच्या शेवटाचा धडा, आणि त्यात एवढंच की इंग्रजांनी त्या मुलखात शांतता आणली. मी उठून म्हणते, हे खोटं आहे. तुम्ही चष्मा काढता, झग्याच्या बाहीला पुसता आणि म्हणता, "खोटं म्हणायला काही लागत नाही. दुसरं पुस्तक आण आणि दाखव." एवढं सरळ मला कोणी कधी शिकवलं नव्हतं. मी घरी जाऊन माळा उपसला, वडिलांचं एक जुनं पुस्तक शोधलं, त्यातली पानं खुणा घालून तुमच्यासमोर ठेवली. तुम्ही दोनचार पानं चाळलीत. वाचता येत होतं तुम्हाला, मी पाहत होते, डोळे ओळींवरून फिरत होते. मग ते मिटून माझ्याकडे सरकवलंत. "हे मराठीत आहे. इथे चालणार नाही." त्या दिवसापासून मी दुसरं पुस्तक नेहमी इंग्रजीतच शोधलं. मी शाळा सोडताना तुम्ही मला रोमच्या पडझडीवरचा, तुमच्या वापरातला इंग्रजी ग्रंथ दिलात, समासात पेन्सिलीने लेखकाशी घातलेल्या वादासकट. तो अजून आहे. कितीदा वाचला असेन. पण तोही तिला कसा देणार?

मग मी हट्टाला पेटले. बावधनला एका हॉलमध्ये पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथे गेले. 'इतिहास' अशी पाटी लावलेलं भलंमोठं टेबल. अर्ध्यावर कादंबऱ्या, मुखपृष्ठांवर घोडे आणि तलवारी. आत राजे शयनगृहात पानपानभर भाषणं ठोकतात. उरलेल्या अर्ध्यावर स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, ज्यांत अख्खं महायुद्ध कारणे आणि परिणाम यांत उरकलेलं. विक्रेता मागे लागला, "मॅडम, हे घ्या, जोरात चाललंय." विचारलं, राणी एकांतात काय बोलली हे लेखकाला कोणी सांगितलं? पुस्तकाच्या शेवटी संदर्भ कुठे आहेत? "मॅडम, लेखक स्वतः किल्ल्यावर राहून आलेत." म्हटलं, "मीही राहून आले आहे. माझ्याशी तिथे कोणी काही बोललं नाही." बरी पुस्तकं मराठीत लिहिली गेलीच नाहीत असं नाही. मला ठाऊक असलेली नावं मी एकेक करून विचारली. प्रत्येकाला एकच उत्तर, आवृत्ती संपली. रिकाम्या हाताने परतले.

नेमकं त्याच आठवड्यात सुनेने पौडच्या बाजारातून तलवारवालंच एक आणलं आणि हौसेने मला दाखवायला वर आली. मी मधूनच उघडलं, एक संवाद मोठ्याने वाचला आणि म्हटलं, "हा इतिहास नाही, नाटक कंपनीचा पेटारा आहे." तिने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. "तुमच्याकडं तर तेबी न्हाई," म्हणाली. त्यानंतर पावसाळा गेला, भात कापून झालं, ती काही वर आली नाही. भाडं सासऱ्यांबरोबर जाऊ लागलं. सिस्टर, संध्याकाळी मी वाचत बसते. कोणीतरी फितूर होतं, तह मोडतो, राजधानी पडते, आणि मी मान वर करते. हे सांगायचं कोणाला? फोन वाजला तर कर्ज हवंय का म्हणून विचारणाऱ्या मुलीचा.

गेल्या रविवारी मी खाली गेले. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. म्हटलं, ते पुस्तक दे मला वाचायला. तिने सूप खाली ठेवलं. "तुमी वाचनार व्हय ते?"

"वाचणार. आणि चुका दाखवणार."

"दावा की. पर मीबी भांडनार हाय. मग रुसायचं न्हाई काकू."

तर आता ती संध्याकाळी कारखान्यातून आली की हातपाय धुऊन वर येते. मी चूक दाखवते, कपाटातलं एखादं पुस्तक काढून त्यात काय म्हटलंय ते मराठीत सांगते. ती ऐकते, मानत नाही, लेखकाची बाजू घेऊन तावातावाने बोलते. काल म्हणाली, "तुमच्या त्या इंग्रजाला तरी कुनी सांगितलं? त्यो काय हुता व्हय तितं?" चहा निवून गेला तरी आमचं मिटलं नाही.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुम्ही हयात असतात आणि टाकता आलं असतं, तरी आधी माझं शुद्धलेखन तपासलं असतंत. फक्त एक सांगून ठेवते, कारण तुम्ही ओळखलंच असतंत. पुस्तक फार वाईट आहे, पानापानावर चुका आहेत. मी मात्र दर संध्याकाळी एकच दाखवते. बाकीच्या दिसल्या नाहीत असं करते, म्हणजे ते लवकर संपणार नाही.