बंद न होणारी गाडी

बुधवार, संध्याकाळ

हे चहाला घरी आलेत, पण यांची मालाची गाडी दारात चालूच आहे. टिकटिक, टिकटिक. भाजीत मीठ घातलं की नाही, तेही आठवेना.

इंजिन आतून झिजलंय, असं मिस्त्रीनं आज सांगून टाकलं. यांना पटेना. "पेट्रोलचं एवढं मोठं इंजिन हाये, किलोमीटर तं कमीच झाले." मिस्त्री म्हणाला, "भाऊ, चालून नाई झिजलं, उभ्या उभ्या झिजलं. तुमी बंदच नाई करत."

खरंच आहे. मागे आष्टीच्या बाजारात गाडी सुरू झाली नाही, लोकांनी हसत हसत ढकलली. तेव्हापासून संत्रा भरून होईपर्यंत इंजिन चालू. "काऊन पेट्रोल जाळता?" म्हटलं, की उत्तर ठरलेलं. "बंद केली अन् सुरूच नाई झाली तं?"

दिवाळीपासून जिना चढताना यांचा हात छातीवर जातो. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून येऊ, दोन दिवस पडून राहा, किती सांगितलं! तिथेही तेच. "एकदा पडलो अन् उठलोच नाई तं?" मी चिडते. चिडून काय होतं?

चहा पिऊन हे बाहेर गेले. आत्ता टिकटिक थांबली. केळझरचा माल तर अजून गाडीतच आहे...

हे आत आले. चावी माझ्या हातात दिली.

"उद्या सावंगीले जाऊ," म्हणाले. "एसटीनं."

इतके दिवस हेच तर मागत होते मी. आता ही शांतता ऐकवत नाही.