मांद्र्यातली वाकडी खोली

बाबा, काल मी तिकीट काढून एका वाकड्या खोलीत शिरले. गवंड्याची मुलगी असून.

पर्यटकांसाठी मांद्र्याला समुद्राजवळ नवीच निघाली आहे. आत चेंडू चढावर धावतो, नळाचं पाणी वर वाहतं. जोडपी एकमेकांना धरून किंचाळत होती. मला धरायला भिंत होती, तीही कललेली. दारावरच्या सावंतवाडीकडच्या पोरीला माझी दया आली असावी. "एकट्याच काय ओ बाई? थांबा, सांगतंय." मग तिने सांगितलं, की अख्खी खोलीच एका अंगाला कलती बांधलेली आहे, जमीन, भिंती, दारं, सगळी मिळून. डोळा भिंतींना सरळ धरून चालतो आणि त्यांच्यावरून उतार ठरवतो. पाणी बिचारं खालीच जात असतं. खिडक्या बंद का, असं मी विचारलं. "समुद्राची रेघ दिसली काय जादू फुटता."

मी तिथेच खाली बसले. लोकांना वाटलं, चक्कर आली.

पेडण्याच्या मास्तरांच्या घराला तुम्ही बलकांव बांधलात, दारापुढचा खांबांचा ओटा, संध्याकाळी बसायला. समोरचा रस्ता घसरता, मागे डोंगराचा उतार. गाव म्हणू लागलं, बलकांव वाकडा झाला. तुम्ही रबरी नळीत पाणी भरलंत, दोन टोकं दोन खांबांना लावलीत, पाणी दोन्हीकडे सारख्या उंचीला. "रस्तो तिरको आसा, तेका मी काय करू?" मी तेव्हा पेपरात नवी नवी लिहू लागले होते. लिहिलं, की आमच्याकडे एक गवंडी आहे, तो सोडून बाकी सगळं जग तिरकं आहे. नाव घातलं नाही. गावाला नाव लागत नाही. माझी पहिली शाबासकी त्याच लेखाची.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात पेज जेवताय. मी चुलीकडे तोंड करून उभी आहे. "बरा लिवलंस गो," तुम्ही म्हणता. "पण एकदा थंय जावन बघूक व्हया होता." एवढंच. आवाज चढत नाही. मी गेले नव्हते, बाबा. सायकलने दहा मिनिटांवर होतं. त्यानंतर तुम्ही स्वतःचं काम धरलं नाहीत. दुसऱ्यांच्या कामांवर चिरे लावत राहिलात, आणि मी म्हणत राहिले, वय झालं.

लोक मला तिखट नजरेची म्हणतात. ही नजर डिचोलीच्या फ्लॅटमध्ये एकटी जेवते, आणि तिला समोरच्या भिंतीखेरीज कुणी उलट बोलत नाही.

निघताना त्या पोरीला सांगितलं, माझे बाबा गवंडी होते. "चांगले?" तिने विचारलं. "चांगले," मी म्हटलं. हे मी कुणाला तरी पहिल्यांदाच सांगितलं.

खरं तर हे पेपरातल्या माझ्या सदरात छापायला हवं, जिथे तुमचं हसू झालं तिथेच. पण देणार नाही. छापलं तर लोक पुन्हा हसतील, म्हणतील काय लिहिलंय, आणि मला ते आवडेल.