बाईच्या हाताखाली

बाबा, मी तोफखान्यात कॅप्टन आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. तुम्ही पायदळातले हवालदार. आर्णीला सुट्टीवर आलात की मी तुमचे बूट घालून अंगणात कवायत करायची. तुम्ही हसून म्हणायचात, "पलटणीत बाईचं काय काम हाये वं?" त्यात राग नसायचा. तुमच्या पलटणीत बाई नव्हतीच. पायदळात अजूनही नाही.

माझ्या बॅटरीत, म्हणजे तोफांच्या तुकडीत, मी एकटीच बाई. सुभेदारसाहेब कडक सलाम ठोकायचे, आणि माझा हुकूम ऐकून दुसऱ्या कॅप्टनकडे बघायचे. तो मान हलवेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. तोफ ओढणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर तेवढा वेगळा. आपल्याकडच्या फुलसावंगीचा होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, तुमी आर्णीच्या? मंग घरच्याच झाल्या." गेल्या पावसाळ्यात डोंगरातल्या रस्त्यावर दरड आली आणि त्याची गाडी त्याच्यासकट दरीत गेली. ताफा माझा होता. मी पुढच्या गाडीत होते. चौकशीत कोणाचीच चूक निघाली नाही. जवानांच्या जेवणाच्या लंगरमध्ये मात्र बोलणं सुरू झालं, बाईच्या हाताखाली गाडी गेली. कर्नलसाहेब म्हणाले, "त्याच्या घरी तूच जा. भाषा तुझी आहे."

तुमचा पलटणीतला सोबती गेल्याचं कळलं, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून, खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड खुपसून रडला होतात. आई पोळ्या लाटत राहिली. तुम्हाला कोणी कच्चं म्हटलं नाही. मी रडले असते, तर शेवटी बाईच, असं झालं असतं. म्हणून मी फुलसावंगीत ताठ उभी राहिले. मागून एक म्हातारी म्हणाली, "काळीज हाये का गोटा?"

त्याची आई माझ्या वर्दीची बाही धरून बसते. सोडत नाही. "तू होती नं त्याच्या संगं? शेवटी काय बोलला सांग." वायरलेसवर तो म्हणाला होता, मॅडम, रस्ता खराब हाये, हळू घेतो. मी तेच सांगते. "हळू घेतो म्हणला," ती शेजारणीला सांगते, मग दुसरीला, मग येईल त्याला. "हळूच घेत होतं मायं पोरगं."

दुसऱ्या दिवशी निघताना त्याची धाकटी बहीण चहा घेऊन आली. अकरावीत आहे. हळूच म्हणाली, "मॅडम, मले बी फौजेत याचं हाये. पोरींले घेतात नं आता?" दारात तिची आई उभी होती. माझ्याच जुन्या शाळेत सत्कार झाला तेव्हा मी माईकवर सांगितलं होतं, पोरींनो या, दारं उघडली आहेत. इथे मला एवढंच म्हणता आलं, "आधी बारावी कर."

तिने माझा नंबर घेतला. आता ती सकाळी सडकेवर धावते, रविवारी फोन करून किती धावली ते सांगते. मी शाबास म्हणते. पुढचं कोणाला दाखवण्यासारखं नाही, आईलाही नाही, आणि तुमच्यापर्यंत ते पोचणार नाही म्हणूनच लिहितेय. परवा ती रडवेली झाली होती. भरतीसाठी तिची उंची थोडी कमी पडतेय. मी तिला बराच वेळ धीर दिला. फोन ठेवला, आणि तिची उंची कमी पडतेय याचं मला बरं वाटलं, बाबा.