पाटीवरचा 'ई'

मंगळवार, १२ जुलै १९९४
माजलगाव

आज मी जिंकले! आमच्या नव्या दुकानाच्या पाटीवर पेंटर इंग्रजीत 'स्टेशनरी' लिहीत होता. भावजींनी कागदावर स्पेलिंगात 'ए' लिहून दिलेला. मी म्हटलं, "वह्या-पेनांच्या स्टेशनरीला 'ई' लागतो. 'ए'वाली म्हणजे जागेवर थांबलेली."

भावजी हसले. "वहिनी, मी बीए हाय. तुमी दहावी."

सगळ्यांसमोर! कान तापले, पण मी हटले न्हाई. कुठून आलं एवढं बळ? मामंजींनी शेजारच्या मास्तरांची डिक्शनरी मागवली. पान मीच काढलं. 'ई'च!

मामंजी पेंटरला म्हणाले, "सूनबाई सांगंल तसं लिही." मग माझ्याकडं वळून, "उद्यापासून दुकानात तूच बस."

मी दोनदा विचारलं, "खरंच?"