खांब नसलेली गॅलरी

४ मार्च, मंगळवार

पाणी उलटं पळालं! घर बघायला आलेल्या एका बाईंची बाटली गॅलरीत कलंडली. आर्किटेक्टने गॅलरीचा उतार आणि पाण्याची मोरी मुद्दाम दाराकडे ठेवलीय, खाली थेंब टपकू नये म्हणून. अकरा वर्षं मी बघतेय, पाणी दाराकडेच येतं. आज कठड्याकडे गेलं. म्हणजे गॅलरी बाहेर कललीय!

गॅलरीत बारा माणसं होती. माझं ठरलेलं वाक्य जिभेवर होतं — "या, अगदी कडेला या, खाली एकही खांब नाही!" ते गिळलं आणि "चला चला, स्वयंपाकघर बघू" म्हणत सगळ्यांना आत हाकललं. भिंतीतल्या कपाटांबद्दल काय बरळले, देव जाणे.

५ मार्च

गॅलरीखाली गेले. माळीकाका फरशी झाडत होते. विचारलं, वरून काही पडतं का? म्हणाले, "पडते की सिमेंटची पूड. आधी चिमूटभर पडायची, आता मूठभर."

"मग सांगितलं नाहीत?"

"तुम्ही वरच्या, मी खालचा. मला कोण विचारतंय!"

मान वर करून बघितलं. गॅलरी भिंतीतून बाहेर निघते तिथे बाजूने भेग. काकांच्या शिडीवर चढले, तर माझं नख आत गेलं.

७ मार्च

सगळा धीर गोळा करून व्यवस्थापकांना सांगितलं. मनात मी त्यांना इस्त्रीसाहेब म्हणते — माणूस बसला तरी चुरगळत नाही! "बाई, हे घर बासष्ट वर्षं उभं आहे. तुम्ही गाइड आहात, इंजिनिअर नाही." भेगेला हात लावायचा तर वारसा समितीची लेखी परवानगी हवी. या घरात साधा स्क्रूसुद्धा तिच्याशिवाय बदलत नाही. आणि समिती बसणार तीन महिन्यांनी!

वर पंधरा तारखेला वर्धापनदिन. घर बांधून झालं तेव्हा चाळीस जणांनी गॅलरीत उभं राहून फोटो काढला होता, तस्साच पुन्हा काढायचाय. चाळीस जण! मी हट्ट धरला, तर म्हणाले, "पुरावा आणा."

आणते ना. माळीकाकांना रिकामे डबे नेऊन दिले. रोज सकाळी पडलेली पूड डब्यात भरायची, वर तारीख टाकायची. काका खूश. "एक दिवस चुकणार नाही बघा."

१० मार्च

तीन डबे टेबलावर मांडले. इस्त्रीसाहेब म्हणाले, "ही कुठल्याही कोपऱ्यातली माती असेल."

१२ मार्च

भीती वाटते. कडेला उभी असलेली माणसं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. भाजीत दोनदा मीठ घातलं. हे म्हणाले, "तू सांगितलंस ना? झालं तुझं काम. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस." झालं कसं? कडेला या म्हणून बोलावणारी मीच! आणि जास्त तोंड चालवलं तर नोकरी जाणार. पन्नाशीला आलेल्या गाइडला कोण दारात उभं करतंय?

१३ मार्च

आज पूड दोन मुठी.

१५ मार्च

किल्ली मोडली. मी मोडली!

सगळ्यांच्या आधी पोचले. गॅलरीच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली आतच ठेवून पक्कडीने पिरगाळली. कट्! घाईत पक्कड पायावर पडली.

पाहुणे आले, सूट, साड्या, कॅमेरा. इस्त्रीसाहेबांची पहिल्यांदा इस्त्री मोडली. "कुलूप कापा!" मी अगदी गरीब चेहरा करून म्हटलं, "साहेब, कुलूप मूळचं आहे. समितीची लेखी परवानगी लागेल." चाळीस जणांसमोर काय बोलणार? फोटो पुढच्या पायऱ्यांवर निघाला. एक म्हाताऱ्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "बरं झालं गं, मला उंचावर चक्कर येते." मी बाथरूममध्ये जाऊन हमसून हमसून रडले.

१७ मार्च

इस्त्रीसाहेबांना कुलपावर पक्कडीचे ओरखडे सापडले. विचारलं तेव्हा खोटं बोलता आलं नाही. "उद्यापासून येऊ नका." अकरा वर्षं, आणि पिशवी भरायला पाच मिनिटं लागली. माळीकाकांना न भेटताच निघाले. भेटले असते तर रडू आवरलं नसतं.

१८ मार्च

नोकरी गेली, तरी छातीवरचं ओझं उतरलं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. नवं कुलूप बसवायलाही समितीच लागणार. तीन महिने गॅलरीत कोणी पाऊल टाकत नाही!

२१ मार्च

सकाळी सातला गॅलरी कोसळली. वर कोणी नव्हतं. माळीकाका खाली डबा भरत होते. आता पुरावा नको, खाली जाऊ नका, एवढं त्यांना सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.